अंगणातील डेल्फिनियम : लागवड, निगा आणि एक महत्त्वाची खबरदारी

पुष्पप्रदर्शनात किंवा बियाण्याच्या पाकिटावर निळ्याशार फुलांचे उंच तुरे पाहून अनेकांना डेल्फिनियम लावण्याचा मोह होतो. हौसेने बी आणले जाते, पण रोपे उगवत नाहीत किंवा उन्हाळा लागताच मान टाकतात. बहुतेक वेळा दोष बियाण्याचा नसून जातीच्या निवडीचा आणि पेरणीच्या वेळेचा असतो. शिवाय ज्यांच्या दारात गाय, म्हैस बांधलेली आहे, त्यांनी ही लागवड करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट जाणून घेणे आवश्यक आहे. ती पुढे दिली आहे.

कोणती जात निवडावी?

पाकिटावर दिसणारे बहुवर्षायू डेल्फिनियम हे कडक हिवाळा व थंड उन्हाळा असणाऱ्या प्रदेशातील झाड आहे. तासगाव, मिरज, फलटण, माण, जत या भागांतील एप्रिल-मेचे ऊन त्याला सोसत नाही. महाबळेश्वर, पाचगणीची हवा थंड असली तरी तेथील मुसळधार पावसात त्याची मुळे कुजतात. म्हणून आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्याच कुळातील हंगामी लार्कस्पर लावावे. याची फुले निळी, जांभळी, गुलाबी व पांढरी असतात. झाड साधारण 60 ते 100 सें.मी. उंच वाढते आणि एका हिवाळ्यात आपला जीवनक्रम पूर्ण करते.

जमीन

पाण्याचा निचरा होणारी मध्यम जमीन उत्तम. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचून रोपे मरतात, म्हणून तेथे 15 ते 20 सें.मी. उंचीचे गादीवाफे करावेत. या पिकाला आम्लधर्मी जमीन मानवत नाही. जावळी, पाटण, शिराळा या जादा पावसाच्या भागांतील तांबड्या जमिनीत माती परीक्षण करून गरजेप्रमाणे चुना मिसळावा. 3 मीटर लांब व 1 मीटर रुंद वाफ्यास सुमारे 15 किलो चांगले कुजलेले शेणखत पुरते. जागा दिवसभर उन्हाची असावी.

पेरणी

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य हा पेरणीचा योग्य काळ होय. ऑक्टोबरच्या उन्हाचा तडाखा कमी होऊन रात्री गार वाटू लागल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. उष्ण जमिनीत हे बी उगवत नाही. घरी फ्रीज असल्यास बी किंचित ओलसर वाळूत मिसळून आठवडाभर खालच्या कप्प्यात ठेवावे. त्यामुळे उगवण एकसारखी होते.

या झाडाला सोटमूळ असल्याने रोपे उपटून लावलेली सहसा जगत नाहीत. बी कायमच्या जागीच पेरावे. दोन ओळींत 30 सें.मी. अंतर ठेवून अर्धा सें.मी. खोल बी टाकावे व चाळलेल्या शेणखताने झाकावे, कारण उगवणीसाठी अंधार लागतो. झारीने हलके पाणी द्यावे. उगवणीस दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर वाफा मोडू नये. रोपांना चार-पाच पाने आल्यावर विरळणी करून दोन रोपांत 20 ते 25 सें.मी. अंतर राखावे.

निगा

विरळणीनंतर वर दिलेल्या मापाच्या वाफ्यास 50 ग्रॅम 15:15:15 मिश्रखत द्यावे. युरियाचा मारा करू नये. त्याने झाड लुसलुशीत होऊन लोळते. पाणी सकाळी, बुडाशी व बेताने द्यावे. झाडे गुडघ्याएवढी झाली की तुराटी, कारवी किंवा बांबूच्या काडीला सुतळीने सैल बांधावे.

हवेत दमटपणा असल्यास पानांवर भुरी येते. त्यासाठी पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक 2 ग्रॅम प्रतिलिटर या प्रमाणात थंड वेळी फवारावे. मावा दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा. बुंध्याजवळ कुजलेले झाड मातीसह काढून टाकावे व पाणी कमी करावे.

फुले साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. फुलदाणीसाठी तुऱ्यावरील खालची एक तृतीयांश फुले उमलल्यावर सकाळी दांडा कापून लगेच पाण्यात ठेवावा. सावलीत उलटे टांगून वाळवलेले तुरेही रंग टिकवून धरतात.

जनावरांना विषबाधा

डेल्फिनियम व लार्कस्परच्या सर्व भागांत विषारी अल्कलॉइडे असतात. कोवळी रोपे व बी विशेष घातक. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेश अडवते. जनावर थरथरते, झोकांड्या खाते, खाली बसते, पोट फुगते आणि अखेरीस श्वास बंद पडून मरते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणांत रानटी डेल्फिनियम खाऊन गाई दगावण्याचे प्रकार फार जुने आहेत. मेंढीपेक्षा गाईला ही बाधा लवकर होते.

म्हणून वाफा गोठ्यापासून दूर व कुंपणाच्या आत असावा. विरळणीची रोपे, खुडलेले तुरे व हंगाम संपल्यावर उपटलेली झाडे गव्हाणीत, उकिरड्यावर किंवा बांधावर टाकू नयेत, खड्ड्यात पुरावीत. बियाण्याच्या बाटलीवर ‘विषारी’ अशी चिठ्ठी लावून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. काम झाल्यावर हात धुवावेत. बाधेची शंका येताच जनावराला पळवू किंवा ओढू नये, छातीवर बसते ठेवावे आणि तातडीने पशुवैद्यकास बोलवावे.

आपली निळवंती

याच कुळातील निळवंती, म्हणजे डेल्फिनियम मलबारिकम, ही आपल्या सह्याद्रीचीच आहे. पश्चिम घाटाच्या उत्तर भागाबाहेर ती निसर्गतः आढळत नाही. पावसाळा सरल्यावर डोंगरउतारांवर तिचे निळे तुरे दिसतात. ती पाहून मुळासकट उपटून अंगणात आणण्याचा मोह टाळावा. खालच्या गरम हवेत ती टिकण्याची आशा थोडी, आणि डोंगरावरचे एक बीज देणारे झाड मात्र कायमचे जाते. राखीव वनातून रोपे उपटणे हा कायद्याने गुन्हाही आहे.

लार्कस्परच्या चांगल्या चार-पाच झाडांच्या शेंगा तपकिरी होऊन तोंड उघडू लागताच गोळा कराव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि बी कोरड्या बाटलीत थंड जागी ठेवावे. पुढच्या दिवाळीला बियाणे विकत घ्यावे लागणार नाही, आणि निळवंतीही डोंगरावर सुखरूप राहील.