बंद फाटकाचा हिशेब
करोनामुळे १७ मार्च २०२० रोजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने देशभरातली स्मारके बंद केली. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यालाही कुलूप लागले. नुकसान किती? बुडालेली तिकिटे मोजणे सोपे. पण १९४७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी अमेरिकेच्या उद्यान खात्याला सुचवले, की लोक तिथवर पोहोचायला किती खर्च करतात त्यावरून जागेचे मोल काढा. खंडव्याहून किल्ल्यातल्या हमामाच्या, म्हणजे स्नानगृहाच्या, छतावरची रंगीत नक्षी पाहायला येणारा गाडीभाडे देतो, अर्धा दिवस मोडतो. बाहेर मावा जिलबी घेतो, ती दुकानदाराची कमाई. तापीकाठच्या मोहल्ल्यातून पायी येणाऱ्याला मात्र जवळपास काहीच खर्च नाही. भेटीचे मोल सर्वांना सारखेच धरले, तर खर्च वजा जाता त्याचा निव्वळ लाभ सर्वांत मोठा. माझ्या मते टाळेबंदीत खरा तोटा त्याचाच झाला, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.