सटवाई आणि पाचवीची रात्र

सटवाई ही नवजात बाळाची देवता. जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, अशी महाराष्ट्रात श्रद्धा आहे. त्या रात्री पाटा-वरवंटा पुजतात, जवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात.

ही खेड्यापाड्यांतली चाल, शहरात ती उरलेली नाही, हा समज खरा नाही. पुण्यातही अनेक घरांत पाचवी पुजली जाते. पुण्यात राहिलेल्या इतिहासकार दामोदर कोसंबींनी या परिसरातील सटवाईसारख्या मातृदेवतांची ठाणी हिंडून पाहिली आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त त्यांची चिकित्सा केली.

सटवाई म्हणजे मुले नेणारी दुष्ट शक्ती, हेही अर्धसत्यच. संस्कृत ग्रंथांतली षष्ठी ती हीच. मूल देणारी आणि राखणारीही तीच. बाळ झोपेत हसले की सटवाई त्याला हसवते, असे घरातल्या बायका म्हणतात. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यांतले ते हसू आपोआप उमटते; माणसाकडे पाहून बाळ हसू लागते ते साधारण सहा ते आठ आठवड्यांनी.

नायजेरियातील योरुबा लोकांची श्रद्धा अशीच आहे, असे वरवर पाहता वाटते. पण तिथे आत्मा जन्मापूर्वीच आपले ‘ओरी’, म्हणजे प्राक्तन, स्वतः निवडतो. स्वर्गातल्या सवंगड्यांना परतण्याचे वचन देऊन आलेले मूल ‘अबिकू’. ते पुन्हा पुन्हा जन्मते आणि मरते. सटवाईचा लेख मात्र जन्मानंतरचा, आणि त्यात बाळाला निवड नाही.

साम्य आहे ते नावांत. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे अडाणीपणाची खूण समजणे हा त्या आयांवर अन्याय आहे. आधीची मुले दगावलेली असत. नव्या बाळावर मृत्यूची नजर जाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम टाकाऊ ठरवले जाई. केरू उकिरड्यावर ठेवून उचललेला, भिकू भीक मागून मिळालेला. योरुबा आईही अबिकूला मालोमो, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’, असे नाव देते.

बाळ दगावण्याची ही भीती निराधार नव्हती. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यावर होणारा धनुर्वात बहुधा जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत दिसतो. मातांचे लसीकरण आणि सुरक्षित बाळंतपण यांमुळे २०१५ मध्ये भारतात माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.