भारतभेटीसाठी इलेक्ट्रॉनिक प्रवास-अनुमती

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. आज इस्रायलमध्ये स्थायिक झालेली या समाजातील कुटुंबे पूर्वजांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी तेथे येतात. मॉरिशसमधील मराठी भाषिकांनाही पूर्वजांच्या भूमीची ओढ आहे. अमेरिकेत जन्मलेला नातू सुट्टीत सातारा-सांगलीकडील आजोळी येतो. या साऱ्यांचे नाते या मातीशी असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते परकीय नागरिक होत. त्यामुळे भारतात येण्यापूर्वी प्रवेशाची रीतसर अनुमती घेणे त्यांना आवश्यक असते.

पारपत्र आणि व्हिसा

पारपत्र प्रवाशाला त्याचा स्वतःचा देश देतो. त्यावरून त्याची ओळख व नागरिकत्व सिद्ध होते. व्हिसा मात्र ज्या देशात जावयाचे तो देश देतो. नेपाळ व भूतान यांसारख्या काही देशांच्या नागरिकांना भारतात येण्यासाठी सर्वसाधारणपणे व्हिसा लागत नाही. इतर बहुतेकांना तो लागतो. पूर्वी त्यासाठी भारतीय वकिलातीत अर्ज करून पारपत्रावर शिक्का घ्यावा लागे. दूरच्या गावी राहणाऱ्यास हे काम खर्चाचे व वेळखाऊ होई.

ही अडचण दूर करण्यासाठी केंद्र शासनाने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी इलेक्ट्रॉनिक प्रवास-अनुमतीची योजना सुरू केली. प्रारंभी ४३ देशांच्या नागरिकांना ९ विमानतळांवर ही सवलत मिळाली. त्या देशांत इस्रायल, मॉरिशस व अमेरिका हे होते, तर विमानतळांत मुंबई व गोवा यांचा समावेश होता. २०१५ मध्ये योजनेला ‘ई-टूरिस्ट व्हिसा’ हे नाव मिळाले. २०१७ मध्ये व्यापार व वैद्यकीय उपचार यांसाठीही स्वतंत्र वर्ग झाले. पुढे पुणे, नागपूर व मोपा येथील विमानतळांवरही ही सोय झाली.

अर्जाची रीत

अर्ज शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर करावयाचा असतो. त्यासोबत अर्जदाराचे छायाचित्र आणि पारपत्राच्या माहितीच्या पानाची प्रत जोडावी लागते. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात शिक्क्यांसाठी दोन पाने कोरी असावीत. अर्ज आगमनाच्या निदान चार दिवस आधी करावा. शुल्क देशपरत्वे वेगवेगळे असून अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही.

अनुमती ई-मेलने कळविली जाते. निघण्यापूर्वी अर्ज ‘मंजूर’ झाल्याची खात्री संकेतस्थळावर करून घ्यावी व अनुमतीची छापील प्रत जवळ ठेवावी. विमानात बसण्यापूर्वीच कागदपत्रांची तपासणी होते. नावातील एखादे अक्षर किंवा पारपत्राच्या क्रमांकातील एखादा आकडा चुकला, तर प्रवास तेथेच खुंटण्याचा संभव असतो. भारतात उतरल्यावर प्रवाशाच्या बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते आणि मगच पारपत्रावर प्रवेशाचा शिक्का बसतो.

मुदतीचा अर्थ

पर्यटकांसाठी ३० दिवस, एक वर्ष व पाच वर्षे असे प्रकार आहेत. अनेकांचा घोटाळा होतो तो येथेच. ३० दिवसांच्या अनुमतीपत्रावर जी अखेरची तारीख असते, ती व्हिसा संपण्याची नव्हे. त्या तारखेपूर्वी भारतात प्रवेश करावयाचा असतो. ३० दिवसांची गणना आगमनापासून होते. एक व पाच वर्षांच्या व्हिसाची मुदत मात्र अनुमती मिळाल्याच्या दिवसापासूनच धावू लागते. यांपैकी कोणत्याही प्रकारावर भारतात नोकरी करता येत नाही, तसेच संरक्षित व प्रतिबंधित क्षेत्रांत जाता येत नाही. मुदतीहून अधिक काळ राहणे हा गुन्हा ठरतो.

मूळ भारतीयांसाठी वेगळा मार्ग

आईवडील भारतीय नागरिक असले, तरी परदेशी पारपत्र धारण करणाऱ्या तान्ह्या बालकालाही अनुमती लागते. आईवडिलांची तिकिटे निघतात, सामान बांधले जाते आणि बाळाच्या कागदपत्रांचा विचार अखेरच्या दिवशी होतो. मग आजीआजोबांची प्रतीक्षा लांबते. अशा कुटुंबांसाठी २००५ पासून अमलात आलेली ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ नोंदणी अधिक सोयीची ठरते. ही नोंदणी असलेल्यास भारतात वारंवार येण्यासाठी स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागत नाही. तिच्यामुळे मतदानाचा अधिकार मात्र प्राप्त होत नाही. पाकिस्तानचे पारपत्र धारण करणाऱ्यांना किंवा मूळ पाकिस्तानी असलेल्यांना ई-व्हिसाचा मार्ग खुला नाही. त्यांनी वकिलातीतच अर्ज केला पाहिजे.

सावधगिरीची गरज

शासकीय संकेतस्थळाशी मिळतीजुळती नावे धारण करणारी अनेक खासगी स्थळे जादा पैसे उकळतात. अधिकृत स्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. लग्नकार्यासाठी किंवा गणेशोत्सवासाठी परदेशातील आप्तांना निमंत्रण धाडताना गावाकडील मंडळींनी ही एक गोष्ट आवर्जून कळविली, तरी पुष्कळ मनस्ताप टळेल. नियमांत वेळोवेळी बदल होतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी अधिकृत स्थळावरील माहिती पाहून घेणे हेच श्रेयस्कर होय.