एकाच कागदावर सहाजण

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला करणारी पोरं ज्यांनी नुसती पाहिली नाहीत, तर त्यांची भांडणंही कान देऊन ऐकली आहेत, त्यांना 'ग्रुप आर्ट थेरपी' म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागू नये. माती कोणी आणायची, बुरूज कुठं काढायचा, विहिरीत खरं पाणी सोडायचं की निळा कागद लावायचा, आणि मुख्य म्हणजे महाराजांना सिंहासनावर बसवायचा मान कोणाचा! दोन दिवस कडाक्याचं भांडण होतं, एखादा रुसून घरी जातो, आजी समजूत काढून त्याला परत धाडते, आणि वसुबारसेपर्यंत किल्ला उभा राहतो. आमच्या रायगड जिल्ह्यात तर हे घरचंच कार्य. रुसणं, मनधरणी, आपला हट्ट थोडा सोडणं आणि दुसऱ्याचा थोडा मान्य करणं, हे सारं त्या चिखलातच होऊन जातं. मोठ्या माणसांनी मध्ये पडायचं नाही, एवढंच पथ्य.

हेच काम जाणीवपूर्वक, ठरलेल्या वेळी, एका जाणत्या मोठ्या माणसाच्या सोबतीनं करणं म्हणजे समूह-कलोपचार. सहा-आठ मुलं, तीच जागा, तोच वार, आणि रंग सगळ्यांत मिळून.

चित्रकलेची शिक्षिका म्हणून माझं अर्धं आयुष्य एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात गेलं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र... त्या परीक्षांबद्दल माझी तक्रार नाही; हात घडतो, नजर घडते. पण तिथं प्रत्येक मूल आपल्या कागदावर एकटं असतं. शेजाऱ्याच्या कागदात डोकावणं म्हणजे कॉपी!

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा, अलिबाग... कौलं उडाली, पत्रे कागदासारखे गेले, आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव सगळीकडे. पण पोफळ लावल्यावर हाती सुपारी लागायला सहा-सात वर्षं तरी जातात. बापाच्या डोळ्यांतलं ते वर्षांचं गणित मुलांनी वाचलं नसेल असं समजू नका. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यातच कोरोनामुळे शाळा बंद. रडायला, बोलायला, निदान एकमेकांना चिडवायला तरी मुलांना शाळा लागते; तीच नव्हती.

जून २०२२मध्ये शाळा पुन्हा नेहमीसारख्या भरू लागल्या तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वारा सुटला की काही मुलं गप्प होत. एक मुलगा, वाडीवाल्याचा, उठून सगळ्यांच्या चपला गोळा करून वर्गात आणून ठेवी. का, ते सांगत नसे. दुसरी एक कोळीवाड्यातली मुलगी उगाच शेजारणीला मारी. आणि मुलांचे गट पडले होते: कोळीवाडा एकीकडे, वाडीवाले दुसरीकडे, आणि कातकरी वाडीवरची दोन-तीन मुलं कुठंच नाहीत, भिंतीला टेकलेली.

तेव्हा दर रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही बसू लागलो. साहित्य काय, तर एक भला मोठा कागद, तैलखडूंचा एकच डबा, पोफळीच्या विऱ्या आणि वादळात फुटलेल्या कौलांचे तुकडे. तुकड्यांना तोटा नव्हता! नियम तीनच. दुसऱ्याच्या चित्रावर विचारल्याशिवाय रेघ ओढायची नाही. खडू हिसकावायचा नाही, मागायचा. आणि शेवटी गोलात बसून ज्याला वाटेल त्यानं आपल्या चित्राबद्दल बोलायचं. नाही वाटलं तर 'पुढे' म्हणायचं. गुण नाहीत, पहिला नंबर नाही, मी 'छान' म्हणायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यांत जड गेलं.

एकच डबा कशाला, असं एका आईनं विचारलं. "बाई, मी देते की आणखी एक आणून." त्या माउलीला काय सांगणार! निळा खडू एकच असतो आणि समुद्र सहाजणांना काढायचा असतो, म्हणूनच तर तोंड उघडावं लागतं. पहिले तीन रविवार नुसती बाचाबाची झाली. चौथ्या रविवारी त्या मारकुट्या मुलीनं निळा खडू मोडून अर्धा भिंतीला टेकलेल्या मुलापुढं सरकवला. बोलली काही नाही.

चपला गोळा करणाऱ्या मुलानं महिनाभर फक्त घराचं छप्पर काढलं. घर नाही, माणसं नाहीत, नुसतं छप्पर. कागदावर इतरांनी त्याच्या छपराखाली भिंती काढायची परवानगी मागितली, त्यानं दोन रविवार नाही म्हटलं, तिसऱ्या रविवारी हो. भिंती झाल्यावर गोलात तो पहिल्यांदा बोलला. वादळात बाहेर पळताना त्याच्या धाकट्या बहिणीच्या पायात चप्पल नव्हती आणि सगळीकडे फुटकी कौलं होती. एवढंच. दोन वर्षं हे वाक्य त्यानं पोटात ठेवलं होतं.

या उपचाराला नाव दिलं एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं. क्षयरोगामुळं १९३८मध्ये तो आरोग्यधामात पडून होता, तिथं चित्रं काढताना त्याला स्वतःला उभारी आली, आणि मग इतर रुग्णांच्या हातीही त्यानं कुंचले दिले. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यानं १९४२मध्ये वापरला. पण मला मनातून जवळची वाटते ती फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. व्हिएन्नात जन्मलेल्या या ज्यू चित्रकर्तीला डिसेंबर १९४२मध्ये नाझींनी तेरेझीनच्या छळछावणीत नेलं. तिथं तिनं छावणीतल्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. मुलांनी आपल्या चित्रावर आपलं नाव घालावं असा तिचा आग्रह असे. ज्या जागी माणसाचा क्रमांक होतो तिथं नाव! ऑक्टोबर १९४४मध्ये ऑश्विट्झला तिचा अंत झाला. तिनं दोन सुटकेसमध्ये ठेवलेली साडेचार हजारांच्या आसपास चित्रं मात्र वाचली आणि आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यातली बरीचशी मुलं परत आली नाहीत.

आता थोडं सावधही केलं पाहिजे. हल्ली मुलाचं चित्र पाहून निदान सांगणाऱ्यांचं पेव फुटलं आहे. काळा रंग म्हणजे दुःख, मोठे हात म्हणजे राग! अहो, कधीकधी काळा खडू तेवढाच टोकदार उरलेला असतो. चित्राचा अर्थ मुलानं सांगितला तर ऐकावा, आपण लावू नये. घरीसुद्धा 'हे काय काढलंस?' असं दरडावण्यापेक्षा 'याच्याबद्दल सांग ना' म्हणून बघा. दुसरं असं, की चित्रकलेचा वर्ग आणि उपचार यांत फरक आहे. मी शिक्षिका, प्रशिक्षित कलोपचारक नाही, आणि खेड्यापाड्यात तसे मिळतही नाहीत. या विषयावरचं संशोधन बहुतेक लहान गटांवरचं आहे. त्यातून आशा दिसते, खात्री नाही. एखादं मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, स्वतःला इजा करत असेल, तर खडू बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच गेलं पाहिजे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून आहे. त्यावर मराठीतही बोलता येतं. तो जवळ लिहून ठेवावा. २०२१मध्ये तळीये आणि १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. एकाच जिल्ह्यात, दोन वर्षांत! घरं बांधून मिळतात, धान्य मिळतं; मुलांच्या मनाची विचारपूस मात्र यादीत फार खाली असते.

आमच्या ओट्यावरचा तो भिंतीला टेकणारा कातकरी मुलगा २०२२च्या दिवाळीनंतर येईनासा झाला. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला होता. दरवर्षी जातात, पाऊस आला की परततात. कागदाचा त्याचा कोपरा मोकळा राहिला. तो भरायचा की ठेवायचा, यावर पोरांचं जे भांडण जुंपलं ते मला फार आवडलं. कोळीवाड्यातली ती मुलगी 'ठेवायचा' म्हणून हटून बसली आणि तिनं त्याभोवती पिवळी चौकट आखली. मग ओट्यावर जेव्हा जेव्हा नवा कागद आला, तेव्हा तेव्हा एक चौकट मोकळी.

मे महिन्याच्या शेवटी तो आला. उंच झाला होता, हात खरखरीत. चौकटीत त्यानं विटा काढल्या, ओळीनं, एकावर एक, आणि कडेला विटा थापणारी आई.

"एवढ्या कशाला काढल्यास रे?" मुलीनं विचारलं.

"हजारावर पैसे देतात," तो म्हणाला.

हजार झाल्या का नाहीत हे पाहायला मग सगळीच कागदावर ओणवी झाली. चपला गोळा करणारा बोटानं मोजत होता आणि चुकला की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करत होता.