जॉइंट गरम होतोय का?

कसालला हायवेवरून मालवणचा रस्ता फुटतो. इथून कुंभारमठच्या पॉलिटेक्निकला, नाहीतर कणकवली-कुडाळला कॉलेजसाठी जाणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांनी घरातली जुनी स्प्लेंडर किंवा सायकल बघून एकदा तरी म्हटलं असेल, ‘हिला मोटर लावूया का?’ लावा की! फक्त व्हिडिओत जो भाग फास्ट फॉरवर्ड केलेला असतो, तो नीट समजून घ्या. वायरी जोडण्याचा.

मागच्या चाकातल्या हब मोटरमधून साधारण आठ वायरी बाहेर येतात. तीन जाड, त्या फेजच्या. पाच बारीक, त्या हॉल सेन्सरच्या. सेन्सरची लाल-काळी म्हणजे ५ व्होल्टचा सप्लाय. ती उलटी लागली तर सेन्सर गेलेच म्हणून समजा. उरलेल्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या वायरींना रंगाला रंग जुळवला की झालं, असं वाटतं. पण मोटर एका कंपनीची आणि कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा असेल तर रंगांवर भरवसा ठेवू नका. तीन फेज सहा प्रकारे जोडता येतात, तीन सिग्नलही सहा प्रकारे. झाल्या ३६ जोड्या. त्यातल्या फक्त तीन चाक नीट पुढे फिरवतात, तीन नीट मागे. बाकीच्यांत मोटर गुरगुरते, झटके देते किंवा फिरते पण भरमसाट करंट ओढते, आणि हीच सगळ्यात फसवी! म्हणून चाक अधांतरी ठेवून, थ्रॉटल अगदी थोडा देऊन आधी तपासा. बऱ्याच कंट्रोलरना ‘सेल्फ लर्निंग’च्या दोन वायरी असतात. त्या जोडल्या की कंट्रोलर स्वतःच क्रम शोधतो. असतील तर सरळ त्याच वापरा, उगाच हुशारी नको.

आता बॅटरी. ‘४८ व्होल्ट’ म्हणून घेतलेल्या लिथियम-आयनच्या पॅकमध्ये बहुधा १३ सेल एकापुढे एक असतात. फुल चार्ज झाल्यावर तो ५४.६ व्होल्ट दाखवतो. त्याच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर काय होईल, हे करून बघायची गोष्ट नाही. बॅटरी कंट्रोलरला जोडताना ‘टच्च’ करून ठिणगी उडते, कारण आतले रिकामे कपॅसिटर एकदम भरतात. रोजच्या ठिणगीने कनेक्टरची टोकं जळत जातात. आत रेझिस्टर असलेला अँटी-स्पार्क कनेक्टर यासाठीच मिळतो. प्लसच्या वायरला, बॅटरीच्या अगदी जवळ, डीसीचा फ्यूज हवाच. घरातला एसीचा एमसीबी इथे चालत नाही; डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

आणि मुख्य मुद्दा, जॉइंट. बारावीला पाठ केलेलं ‘आय स्क्वेअर आर’ इथे कामाला येतं. १००० वॅटची मोटर ४८ व्होल्टवर साधारण २० अँपिअर ओढते. तुम्ही वायरींना नुसता पीळ देऊन टेप मारलीत आणि तिथे ०.०५ ओहम इतकाच रोध राहिला, तर २० गुणिले २० गुणिले ०.०५, म्हणजे २० वॅट उष्णता. आपली साधी सोल्डरिंग गन २५ वॅटची असते! म्हणजे सीटखाली, बॅटरीला खेटून, तुम्ही एक पेटती सोल्डरिंग गन ठेवून फिरताय. तरी ‘काय होणा नाय, टेप मार’ म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

मग डाग द्यायचा का? नुसता डागही पुरेसा नाही. कथील तारांमध्ये चढतं, वायर तिथे कडक होते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते. योग्य मापाचं थिंबल घेऊन चांगल्या क्रिंपिंग पकडीने दाबणं बरं. वरून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. इकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तांब्याला हिरवा करतो, म्हणून कल्हईवाली, बोटींवर वापरतात तसली वायर मिळाली तर घ्या. कनेक्टरच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. ॲक्सल घट्ट धरणारा टॉर्क आर्मही विसरू नका. ॲक्सल फिरला की वायरी पिळवटून तुटतात.

२०२२च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ आठवतो? ती कारखान्यातून तयार होऊन आलेली होती. तुमची तर पडवीत जुळवलेली.

सायकलचा प्रोजेक्ट एकवेळ वेगळा, पण नंबरप्लेट असलेली बाईक बदलून रस्त्यावर आणायची तर कायदा आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाने इंजिन काढून मोटर बसवता येत नाही. मान्यताप्राप्त किट आणि आरसी बुकात नोंद लागते. ठाण्याच्या गोगोएवन कंपनीचं स्प्लेंडरसाठीचं आरटीओमान्य किट २०२१ मध्ये चर्चेत आलं. तेव्हा किंमत ३५ हजारांच्या आसपास होती, बॅटरी वेगळी. महाग वाटतं, मान्य. पण अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने हात वर केले, तर हिशेब उलटा होतो. आरटीओ तर तुमच्या शेजारीच आहे, ओरोसला. आधी जाऊन विचारा.

एवढं सगळं झालं की पहिली फेरी चढाच्या रस्त्याने दहा मिनिटांची मारा. थांबा, चावी काढा, बॅटरी सुटी करा आणि प्रत्येक जॉइंटजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघा. जो गरम लागेल तो कापून नवा करा.