आहेर विचारून करावा का?

"आहेर काय विचारून करतात का?" तुळजापुरात हे वाक्य अजून ऐकू येतं. तोंडानं सांगून घेतलं की त्यातली माया जाते म्हणे. मग डिसेंबरात शाळेतून लेकरं सांताला चिठ्ठी लिहायचं खूळ घेऊन आली की घरातली आजी विचारते, "ही मागायची रीत कुठली?"

आजीनं जरा देवीच्या मंदिराच्या महाद्वाराकडे बघावं. आमच्या गावात येणाऱ्या सर्वांत मानाच्या भेटीनं आजवर कुणी चकित झालेलं नाही. दरवर्षी नगरहून देवीसाठी पलंग येतो, बुऱ्हाणनगरहून पालखी येते. काय येणार, कधी येणार, कुणाच्या हातून येणार, सगळं ठरलेलं. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवी श्रमनिद्रेसाठी त्याच पलंगावर जाते, ती कोजागरीपर्यंत. नऊ रात्री जागलेल्या देवीला पलंगच हवा. या भेटीत माया कमी आहे असं कुणी म्हणून दाखवावं!

तरी देणाऱ्याला वाटतंच, की आपण मनानं शोधून नेलेली वस्तूही तितकीच भावेल. फ्रान्सेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन या दोघांनी हेच तपासलं. 2011 साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगांत देणाऱ्यांना वाटत होतं, सांगितलेली भेट काय आणि न सांगितलेली काय, दोन्हींचा आनंद सारखाच. घेणाऱ्यांना मात्र सांगितलेली भेटच जास्त आवडली. एवढंच नाही, ती देणाऱ्यानं आपला जास्त विचार केला असंही त्यांना वाटलं.

महागाची वस्तू जास्त आवडते, हाही देणाऱ्याचाच भ्रम. फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांच्या 2009 च्या अभ्यासात किंमत वाढली म्हणून घेणाऱ्याची खुशी वाढलेली दिसली नाही.

न विचारता दिलेल्याचं काय होतं ते आपल्या कपाटात दिसतंच. टॉवेल-टोपी या लग्नातून त्या लग्नात जाते, ब्लाउजपीस घडीसकट फिरत राहतो. (आमच्याकडचा एक लेमन सेट फिरून पुन्हा आमच्याकडेच आला. खोक्यावर आमच्याच घरातलं अक्षर होतं.) जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञानं 1993 साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना त्यानं विचारलं, हीच वस्तू स्वतः घ्यायची असती तर किती पैसे मोजले असते? भेटींच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वायाच जातो, असं त्यातून निघालं.

पण इथं एक गोष्ट सांभाळायला हवी. यादी म्हटलं की आपल्याकडे आधी लग्नाच्या याद्या आठवतात, आणि त्यातूनच तिसरा गैरसमज येतो: "भेट म्हणून लिहिलं की तो हुंडा नाही." साफ चूक. लग्नात समोरच्या पक्षाकडून मागून घेतलेलं काहीही कायद्यानं भेट ठरत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा आहे. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीला धरून दिलेल्या वस्तूंनाच तो मोकळीक देतो, तीही त्यांची यादी केली तर. 1985 च्या नियमांनुसार त्या यादीत वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली नवरानवरीनं सही करायची किंवा अंगठा द्यायचा. आहेराची वही लिहिणाऱ्या आपल्या माणसांना हे अवघड नाही. ही यादी मात्र फार थोड्या घरांत होते.

पैशाच्या आहेराबद्दलही घोळ आहे. लग्नात आलेल्या आहेरावर नवरानवरीला प्राप्तिकर नाही, मग तो कुणीही केलेला असो. एरवी आईवडील, भाऊबहीण, मामा, मावशी, काका, आत्या यांनी दिलेलं करमुक्त आहे. मित्रमंडळींकडून वर्षभरात मिळून 50,000 रुपयांच्या वर पैसे आले, तर वरच्याच नव्हे, सगळ्या रकमेवर कर लागतो. आणि मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ? ते कायद्याच्या 'नातेवाईक' या व्याख्येत बसत नाहीत.

म्हणून दर्शनाला याल तेव्हा बाजारात हात सैल सोडण्याआधी घरी एक फोन लावा. कवड्यांची माळ आधीच आहे का विचारा. कुंकू किती हवंय ते विचारा. बांगड्या घेणार असाल तर माप नक्की विचारा, सव्वादोन की अडीच. आमच्या इथून न्यायच्या आणि त्या मनगटात चढायच्याच नाहीत, असं फार होतं.