हार्मोनिकाचे व्हॉल्व्ह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहा भोकांच्या डायटॉनिक हार्मोनिकाला व्हॉल्व्ह बसवले की सगळे बेंड (मूळ सुरापासून खाली उतरवलेले सूर) आपोआप सोपे होतात, असं काही वादक मानतात. व्हॉल्व्ह म्हणजे ज्यांना बेंड जमत नाहीत त्यांची पळवाट, असं दुसरे ठासून सांगतात. दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होते: बेंड करताना आत काय घडतं, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. ते एकदा समजलं की व्हॉल्व्ह कुठे उपयोगी पडतो आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे आपोआप उलगडतं.

पहिला गैरसमज असा की बेंड एकाच रीडचा असतो आणि जोर लावला की तो लागतो. प्रत्येक भोकात दोन रीड, म्हणजे कंप पावणाऱ्या धातूच्या पात्या, असतात: एक ब्लोची (फुंकताना वाजणारी) आणि एक ड्रॉची (हवा आत ओढताना वाजणारी). पहिल्या सहा भोकांत ड्रॉचा सूर वरचा असतो, सातव्यापासून दहाव्यापर्यंत ब्लोचा. नेहमीचा बेंड फक्त या वरच्या सुराचा होतो, कारण त्यात दोन्ही रीड भाग घेतात. बॅन्सन, अँटाकी आणि बीरी यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रीडची हालचाल मोजून हेच दाखवलं: सूर खाली उतरत जातो तसा खालच्या सुराची रीड आवाजाचा ताबा घेते. घरी पडताळायचं असेल तर वरचं कव्हर काढा, चौथ्या भोकाच्या ब्लो रीडची फट बोटाने झाका आणि ड्रॉ बेंड करून पाहा. जिभेची ठेवण तीच, श्वासही तोच, तरी सूर नेहमीसारखा उतरत नाही. म्हणजे जोडीदार रीड हवीच, आणि जोरापेक्षा जीभ व घसा यांनी तोंडातली पोकळी कशी साधली आहे, याला महत्त्व जास्त.

आता व्हॉल्व्ह. रीडप्लेटवर रीडच्या उलट बाजूला, रिव्हेटकडच्या टोकाशी चिकटवलेली ही प्लास्टिकची पातळ पट्टी. एकाच दिशेला उघडणाऱ्या दारासारखी. नेहमीच्या मांडणीत पहिल्या सहा भोकांत ड्रॉच्या फटींवर आणि शेवटच्या चार भोकांत ब्लोच्या फटींवर ती बसवतात. तिसऱ्या भोकात ड्रॉ केलं की ती उघडते, दोन्ही रीड मोकळ्या राहतात, म्हणून जुना बेंड जसाच्या तसा मिळतो. ना सोपा होतो, ना खोल. ब्लो केलं की पट्टी ड्रॉची फट मिटवते, सगळी हवा एकट्या ब्लो रीडकडे जाते आणि एरवी हट्टी असलेला तो खालचा सूरही उतरू लागतो. हा एकाच रीडचा बेंड, जातीनेच वेगळा.

याचा उपयोग किती, ते सुरांच्या हिशेबातच दिसतं. सी पट्टीच्या हार्मोनिकावर पहिल्या भोकाचा ब्लो सूर सा धरला, तर नेहमीचे सगळे बेंड मोजूनही तीन सप्तकांत सहा सूर मिळत नाहीत: पहिल्यात कोमल ग, दुसऱ्यात कोमल ग, तीव्र म आणि कोमल नी, तिसऱ्यात कोमल रे आणि कोमल ध. व्हॉल्व्ह असले की दुसऱ्या आणि पाचव्या भोकाचा ब्लो ग, सहाव्याचा ब्लो प, सातव्याचा ड्रॉ नी, आठव्याचा ड्रॉ रे आणि दहाव्याचा ड्रॉ ध अर्धा स्वर उतरवून हे सहाही सूर हाती येतात. शिवाय वरचा स्वर मुळात शुद्ध असल्यामुळे तिथून खाली मींड घेता येते.

इथेच दुसरा मोठा गैरसमज आहे: व्हॉल्व्ह आणि ओव्हरब्लो दोन्ही एकत्र मिळतील. हार्मोनिकावादक हॉवर्ड लेव्ही यांनी 1970 च्या सुमारास विकसित केलेल्या ओव्हरब्लोमध्ये ब्लो करताना ड्रॉची रीड बोलते. तिचीच फट मिटवली तर ती बोलणार कशी? वरच्या भोकांत ड्रॉ करताना ब्लोची रीड बोलते, त्या ओव्हरड्रॉचंही तसंच. एका भोकात दोन्हींपैकी एकच मिळतं. हवं तर काही भोकं मोकळी ठेवून बाकीच्यांना व्हॉल्व्ह लावता येतात.

आक्षेप असा घेतला जातो की एका रीडचा बेंड पातळ आणि डळमळीत असतो. यात तथ्य आहे. दोन रीडच्या बेंडला जोडीदार आधार देते. इथे सूर धरून ठेवायचं सगळं काम कानाचं आणि तोंडाचं, आणि अर्ध्या स्वराच्या फार खाली गेलं तर आवाज विरतो. हॉनर कंपनीच्या एक्सबी-40 हार्मोनिकामध्ये प्रत्येक सुराला जोडीदार देण्यासाठी रीडची संख्या 40 केली, ती याच कारणाने. पण आपल्याला हवे असलेले सहाही सूर अर्ध्याच स्वरावर आहेत. आणि टूट्स थिलेमान्स, स्टीव्ही वंडर यांनी व्हॉल्व्हच्या क्रोमॅटिक हार्मोनिकावर हेच बेंड भावपूर्ण वाजवले आहेत. म्हणजे इथे पळवाट नाही. उलट सुराच्या अचूकतेची मागणी जास्त कडक आहे. गार हार्मोनिकात श्वासातली वाफ साचून पट्टी चिकटते किंवा फडफडते, ही तक्रारही खरी, पण वाजवण्याआधी तो तळहातात ऊबदार केला आणि तोंड स्वच्छ ठेवलं की ती बरीच कमी होते.

म्हणून निवड करताना आधी आपल्या संगीताला काय हवंय ते ठरवावं. ब्लूजचा खरखरीत ठसका आणि ओव्हरब्लोची उडी हवी असेल तर व्हॉल्व्ह नकोत. संथ लयीत, सलग उतरत जाणारे सूर हवे असतील, तर व्हॉल्व्ह बसवावेत आणि प्रत्येक बेंड तानपुऱ्यावर किंवा ट्यूनरवर पडताळत रियाज करावा. हे सूर वादकाच्या कानाने पारखल्याशिवाय वाद्यातून येत नाहीत.